द पिट, सीझन २, भाग पहिला: बघितला का? आणि कॅज्युअल्टीवाल्यांना हे खरं वाटतं का?

रानजाई
शुक्रवारी सकाळी हॉटस्टारवर आला आणि मी डबे करायच्या आधी बसून अख्खा बघितला, पोरांनी ब्रेड खाल्ला. ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच मागे फिरा, पहिल्या भागातलं सगळं खाली येणार.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: पिट्सबर्गमधलं एक काल्पनिक ट्रॉमा सेंटर, त्यातला इमर्जन्सी विभाग, एकच शिफ्ट. एक भाग म्हणजे शिफ्टमधला एक तास, असे १५ भाग. पहिला सीझन जानेवारी २०२५ मध्ये आला, सप्टेंबरात एमीला (अमेरिकेतले टीव्हीचे मोठे पुरस्कार) सर्वोत्कृष्ट ड्रामा मालिकेचं बक्षीस मिळालं, डॉ. रॉबी करणाऱ्या नोआ वायलीला मिळालं आणि डेना सिस्टर करणाऱ्या कॅथरिन लानासालाही. आता गोष्ट दहा महिने पुढे गेलीय, तारीख ४ जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, वेळ सकाळचे ७. रॉबी तीन महिने सुट्टीवर निघालाय आणि ही त्याची जायच्या आधीची शेवटची ड्युटी. त्याच्या जागी येणारी डॉ. अल-हाशिमी एक दिवस आधीच हजर झालीय. आणि लँगडन, जो पेशंटची औषधं चोरताना सापडला होता, तो व्यसनमुक्ती करून त्याच दिवशी परत कामावर.

मला फार आवडला. मोठं काही घडत नाही आणि तरी तासभर मान हलवता आली नाही. पण माझी मोठी बहीण जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात कॅज्युअल्टीला आहे, तिला रविवारी लावून दिला तर दहाव्या मिनिटाला उठली. म्हणाली, घरी येऊन परत ड्युटी कशाला करू. म्हणून इथल्या डॉक्टर-सिस्टर लोकांना आणि रात्र रात्र बाकड्यावर काढलेल्या नातेवाइकांनाही विचारतेय, हे बघवतं का तुम्हाला? आणि किती खरं आहे?

तिखटमीठ
मला संथ वाटला. हॅलो-हाय, ओळखी, फळ्यावरची नावं, यातच निम्मा भाग गेला. मागच्या सीझनचा गोळीबाराचा भाग कसला होता!

रानजाई
@तिखटमीठ, अरे पण तो गोळीबार बाराव्या तासात आला होता. आधीचे अकरा तास त्या लोकांबरोबर घालवले म्हणून तर तिथे पोटात गोळा आला.

अनामिक_आरेमो
बघितला. मी अकरा वर्षं कॅज्युअल्टीत काढली, आता बाहेर पडलोय, म्हणून कदाचित बघवतो.

तिखटमीठ यांना संथ वाटलं तेच मला सगळ्यात खरं वाटलं. सकाळचं ओव्हर, म्हणजे एका शिफ्टने दुसरीला पेशंट सोपवणं, असंच असतं. रात्रीवाला अर्धा झोपेत, सकाळवाल्याच्या पोटात अजून चहा गेलेला नाही, आणि त्या पाच मिनिटांत वीस माणसांचा जीव एकाच्या डोक्यातून दुसऱ्याच्या डोक्यात जायचा असतो. जे सांगायचं राहतं तेच दुपारी अंगावर येतं. कुणाचा पोटॅशियमचा रिपोर्ट यायचाय, कुणाच्या नातेवाइकाला अजून सांगितलेलं नाही, कुणाची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या केसची नोंद) केली पण पोलीस चौकीला कळवायचं राहिलं. मालिकेत पोलीस चौकी नाही, बाकी सगळं तेच.

फरक सांगतो. त्यांच्याकडे पेशंट अ‍ॅडमिट झाला तरी वर बेड नाही म्हणून तासन् तास खालीच अडकून राहतो आणि त्यामुळे वेटिंग रूम तुंबते. पहिल्या सीझनपासून रॉबीचं मॅनेजमेंटशी भांडण त्यावरूनच आहे. आमच्याकडे वर बेड नाही म्हणून कुणी थांबत नाही. फ्लोअर बेड. दोन पलंगांच्या मध्ये गादी, सलाईन खिडकीच्या गजाला. मी वाईट म्हणून सांगत नाहीये, त्या गादीवरून बरे होऊन चालत घरी गेलेले शेकडो बघितलेत. पण रात्री दोन वाजता गुडघ्यावर बसून, मोबाईलच्या उजेडात शीर शोधणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.

दुसरं म्हणजे इमर्जन्सी मेडिसिन हा वेगळा विषय म्हणून आपल्या मेडिकल कौन्सिलने मान्य केला २००९ साली. त्याआधी कॅज्युअल्टी म्हणजे इंटर्न, एक सीएमओ (कॅज्युअल्टीचा ड्युटी डॉक्टर), आणि कॉल देणे. सर्जरीला कॉल, ऑर्थोला कॉल, मेडिसिनला कॉल. कॉल घेणारा येईपर्यंत पेशंट तुमचा आणि आल्यावर तो विचारणार, मला का बोलावलं. तिथे रॉबी स्वतःच सगळं करतो, छातीत नळी घालतो, श्वासनलिकेत नळी टाकतो, हे बघताना मला खरं सांगू का, हेवा वाटतो.

मुक्कामपोस्ट
@अनामिक_आरेमो, 'मोबाईलच्या उजेडात शीर'. माझ्या आईची अशीच शोधली होती एका पोरसवदा डॉक्टरने. तिसऱ्या वेळी सापडली तर तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

जुनापुराणा
ज्यांना ईआर ही जुनी अमेरिकन दवाखान्याची मालिका आठवतेय त्यांनी हात वर करा. १९९४ च्या सप्टेंबरात सुरू झालं, २००९ च्या एप्रिलपर्यंत चाललं, १५ सीझन, ३३१ भाग. मायकेल क्रायटनने मूळ पटकथा १९७४ सालीच लिहून ठेवली होती, तिला वीस वर्षं कोणी हात लावला नाही. त्यात पहिल्याच भागात एक घाबरलेला, इस्त्रीचा कोट घातलेला विद्यार्थी येतो, जॉन कार्टर. तोच नोआ वायली. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता, आता दाढी पिकलीय आणि तो विद्यार्थ्यांना शिकवतोय. मला तर पुतण्या मोठा झालेला बघितल्यासारखं होतं.

सीझनचा पहिला भाग कसा असावा यावर बोलायचं तर ईआरच्या चौथ्या सीझनचा पहिला भाग, २५ सप्टेंबर १९९७, चक्क लाइव्ह केला होता त्यांनी. म्हणजे नाटकासारखा, थेट प्रक्षेपण. आणि अमेरिकेच्या दोन टोकांच्या घड्याळात तीन तासांचा फरक म्हणून एका रात्रीत दोन प्रयोग. दवाखान्यात डॉक्युमेंटरीवाले शूटिंग करायला आलेत असं दाखवून कॅमेऱ्याचं हलणं गोष्टीत बसवून घेतलं. वैद्यकीय शब्दांची एवढी तोंडपाठ वाक्यं, हातात सुया-कात्र्या, आणि चूक झाली तर झाली! आपल्याकडच्या नाटकवाल्यांना यातली मेहनत लगेच कळेल.

दोन्हींमधलं साम्य कोर्टातही गेलंय. क्रायटनच्या पत्नीने २०२४ मध्ये दावा लावला की हे ईआरचंच नवं रूप आहे. माझ्या मते जात तीच आहे पण चाल वेगळी. ईआरमध्ये पार्श्वसंगीत वाजलं की कळायचं आता रडायचंय. पिटमध्ये संगीत जवळजवळ नाहीच. मॉनिटरची पिकपिक, चाकांचा आवाज, लांबून कोणीतरी ओरडतंय. हे जास्त अवघड आहे.

चहाटळ
🙋 ईआर आईबरोबर बघायचे, अर्धं इंग्रजी कळायचं नाही, दोघी मिळून जॉर्ज क्लूनी बघायचो. आईला अजून तो डॉक्टरच वाटतो.

एक भाबडा प्रश्न. मॉनिटरवर रेघ सरळ झाली की शॉक देतात आणि पेशंट खाडकन उठतो. असं होतं का खरंच?

अनामिक_आरेमो
@चहाटळ, भाबडा नाही, हा प्रश्न मला लग्नकार्यातसुद्धा विचारतात. सरळ रेघेला शॉक देत नाहीत. शॉक द्यायचा तो हृदय वेडंवाकडं थरथरत असेल तेव्हा, म्हणजे सगळं एकदा थांबवून त्याला परत ठेका धरता यावा म्हणून. रेघ सरळ असेल तर छाती दाबत राहायची, अ‍ॅड्रेनॅलिन द्यायचं, आणि कारण शोधायचं. पिटमध्ये हे नीट दाखवतात, लेखकांमध्ये डॉ. जो सॅक्स नावाचा खरा इमर्जन्सी डॉक्टर आहे, ईआरलाही तोच होता.

१९९६ साली न्यू इंग्लंड जर्नल या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता, ईआर आणि तेव्हाच्या आणखी दोन मालिकांतले सीपीआर, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचे प्रयत्न, मोजले होते. टीव्हीवर ७५ टक्के लोक त्या क्षणी वाचत होते. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या जवळपासही नसतो. आणि हे नुसतं करमणुकीपुरतं राहत नाही हो. चाळीस मिनिटं छाती दाबून थांबलो की नातेवाईक विचारतो, 'शॉक का नाही दिला?' त्याला वाटतं आपण काहीतरी राखून ठेवलं. तो प्रश्न घेऊन मी घरी गेलोय, कितीदा तरी.

पिट्सबर्गी
एकोणीस वर्षं इथे राहतोय त्यामुळे हा धागा सोडवत नाही. बाहेरून जी इमारत दिसते ते नॉर्थ साइडचं अ‍ॅलेगेनी जनरल. आतलं सगळं मात्र कॅलिफोर्नियात बरबँकला, वॉर्नरच्या स्टुडिओत. तरी पहिल्याच दृश्यात रॉबी पुलावरून मोटारसायकल घेऊन येतो तेव्हा आमच्या घरात आरडाओरडा झाला, 'आपला पूल, आपला पूल'.

४ जुलै निवडलाय ते बरोब्बर आहे. अ‍ॅलेगेनी आणि मोनाँगहेला या दोन नद्या मिळून ओहायो होते, त्या संगमावर रात्री फटाके असतात, अख्खं शहर काठावर. दुपारपासून ऊन, बिअर, घरगुती फटाके, शेगड्या. आणि अमेरिकेत नवीन इंटर्न १ जुलैच्या आसपास रुजू होतात, म्हणजे सगळ्यात गर्दीच्या दिवशी सगळ्यात कच्चे डॉक्टर.

आता ते हेल्मेट. आठवतं ना, नाहीये डोक्यावर! आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २००३ पासून एकवीस वर्षांवरच्याला, दोन वर्षांचा अनुभव किंवा कोर्स असेल तर हेल्मेटशिवाय चालवता येते. २००६ मध्ये आमच्या स्टीलर्स या फुटबॉल संघाचा खेळाडू बेन रॉथलिसबर्गर ह्याच शहरात हेल्मेटशिवाय मोटारसायकलवरून पडला, जबडा मोडला, मोठी शस्त्रक्रिया झाली. तो प्रसंग इथे कोणी विसरलेलं नाही. त्यामुळे ट्रॉमावाला डॉक्टर हेल्मेटशिवाय दाखवला की इथल्या माणसाला लगेच कळतं, याचं काहीतरी बिनसलंय.

कर्वेरोडकर
हेल्मेटचा विषय निघाला आणि पुणेकर आला नाही असं कसं होईल. मी स्वतः हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चाला गेलेला माणूस आहे, मान दुखते, ऐकू येत नाही, शहरात वेगच कुठाय वगैरे सगळं बोललोय. २०१९ मध्ये मेव्हणा रात्री घरी येताना घसरला, वेग फार तर तीस असेल. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरीणबाईंनी सीटी स्कॅन दिव्यापुढे धरून दाखवला आणि एवढंच विचारलं, 'हेल्मेट होतं का?' दीड वर्ष लागलं त्याला परत नीट बोलायला. त्या दिवसापासून गल्लीच्या टोकाला दूध आणायला जातानाही घालतो. तो पहिला सीन मी पुढे ढकलला, बघितला नाही.

रानजाई
@कर्वेरोडकर 🙏 मेव्हणे आता कसे आहेत?

कर्वेरोडकर
छान आहेत, पेटी वाजवायला लागलेत परत.

शेवंता७
मी स्टाफ नर्स, आधी मिरजेला, गेली चौदा वर्षं इंग्लंडमध्ये. सगळे रॉबी रॉबी करताय, मला डेना सिस्टरबद्दल बोलायचंय.

मागच्या सीझनमध्ये तासन् तास ताटकळलेल्या एका पेशंटने तिच्या तोंडावर ठोसा मारला होता, ती दाराबाहेर क्षणभर सिगरेट ओढायला उभी असताना. शिफ्ट संपताना तिने आपल्या वस्तू आवरल्या, वाटलं आता येत नाही. या सीझनला ती परत आलीय आणि पहिल्याच तासात कोणाचा बेड कुठे, कोणता विद्यार्थी चक्कर येऊन पडेल, सगळं तिच्या डोक्यात. काही बोलत नाही त्या ठोशाबद्दल. आम्ही असंच करतो. मलाही एकदा ट्रॉलीवरच्या माणसाने लाथ घातली होती, पोटावर. फॉर्म भरला, चहा प्यायला, परत त्याचंच बीपी घेतलं, कारण त्या बाजूला मीच होते.

इथे चार तासांचं टार्गेट असतं, म्हणजे आलेला पेशंट चार तासांत तपासून अ‍ॅडमिट किंवा घरी. कागदावर. प्रत्यक्षात कॉरिडॉरमध्ये ट्रॉल्यांची रांग, आणि प्रत्येक ट्रॉलीवर कोणाचीतरी आजी. त्यामुळे वेटिंग रूमचं दृश्य बघताना मला पिट्सबर्ग, मिरज, इंग्लंड काही वेगळं वाटलं नाही. रागावलेला माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो. पण हे त्याने मारल्यावर आठवायचं कसं, ते कुठल्याच कोर्समध्ये शिकवत नाहीत.

अनामिक_आरेमो
शेवंताताई, सलाम. महाराष्ट्रात २०१० पासून दवाखान्यातल्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे, आमच्या कॅज्युअल्टीत त्याचा बोर्ड होता, मोठ्ठा. एका रात्री जमावाने पहिल्यांदा तो बोर्डच फोडला.

मुक्कामपोस्ट
नातेवाइकांच्या बाजूने लिहितो, रानजाईंनी विचारलं होतं म्हणून.

वडिलांना छातीत दुखायला लागलं २०२१ च्या पावसाळ्यात. गाव तालुक्यापासून बावीस किलोमीटर. १०८ ला फोन केला. मनात होतं की येतेय कसली. पस्तीस मिनिटांत आली, आणि आत डॉक्टर, बीएएमएस झालेली मुलगी, माझ्या बहिणीच्या वयाची. तिने गाडीतच ईसीजी काढला, गोळ्या चघळायला दिल्या, आणि ड्रायव्हरला सांगितलं तालुक्याला नको, सरळ जिल्ह्याला. पुढचे दीड तास मी तिच्या चेहऱ्याकडे बघत बसलो होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती, फक्त मॉनिटरकडे. तेव्हा राग आला होता. पिट बघताना कळलं ती का बघत नव्हती.

वडील आहेत. रोज सकाळी गोठ्यात.

पिट्सबर्गी
@मुक्कामपोस्ट, तुमचं वाचून एक सांगावंसं वाटलं. ही अँब्युलन्समधेच उपचार सुरू करायची पद्धत अमेरिकेत ज्यांनी रुजवली त्यातले पहिले लोक आमच्याच गावचे. १९६७ मध्ये हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फ्रीडम हाउस अँब्युलन्स सुरू झाली. त्याआधी पोलीस आपल्या गाडीत घालून नेत, वाटेत उपचार काही नाही. पीटर साफार, ज्यांना सीपीआरचे जनक म्हणतात, त्यांनी वस्तीतल्या बेकार म्हणून हिणवलेल्या तरुणांना शिकवून पॅरामेडिक केलं. १९७५ मध्ये शहराने स्वतःची सेवा काढली आणि फ्रीडम हाउस बंद केलं, त्यातल्या बऱ्याच जणांना हळूहळू बाजूला सारलं. पहिल्या सीझनमध्ये एक म्हातारे पेशंट येतात, ते याच फ्रीडम हाउसचे निघतात, आणि सगळे तरुण डॉक्टर काम थांबवून ऐकत उभे राहतात. मला त्या दोन मिनिटांसाठी ही मालिका आवडते.

महाराष्ट्रात १०८ कधी आली?

मुक्कामपोस्ट
२०१४. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या सगळ्या राज्यात, प्रत्येकीत डॉक्टर. तुमच्या त्या साफारांचं नाव वहीत लिहून ठेवलंय.

चहाटळ
कोणी मराठीत अशी मालिका का करत नाही? आपल्याकडे सिरीयलमधला दवाखाना म्हणजे काचेचं दार, त्यावर लाल दिवा, बाहेर सगळी सासरची मंडळी दागिन्यांसकट, आणि डॉक्टर मास्क खाली करून म्हणणार 'चोवीस तास महत्त्वाचे आहेत'. शेवंताताई आणि आरेमोंनी मिळून लिहावी.

तिखटमीठ
+१. नाव 'ओव्हर'. किंवा 'फ्लोअर बेड'.

बरं, लँगडनबद्दल कोणीच बोलत नाहीये. चोरी केलेल्या डॉक्टरला परत घ्यावं का? मला तरी नाही पटलं. माझ्या आजोबांच्या गोळ्या कोणी डॉक्टरने खिशात घातल्या असत्या तर?

शेवंता७
मला पटलं. दहा महिने घालवून, सगळ्यांना तोंड दाखवायला परत येणं सोपं नाही. रॉबीने त्याला आत घेतलं पण बाहेर ट्रायाजला (कोणाला आधी बघायचं ते ठरवतात तिथे) बसवलं, लांब. त्यात त्याचं दुखणं दिसलं, लँगडन त्याचा लाडका होता.

अनामिक_आरेमो
तिखटमीठ, तुमचा राग रास्त आहे. पण तिथे अशा डॉक्टरांसाठी ठरलेला कार्यक्रम असतो. उपचार, वर्षानुवर्षं अचानक लघवीची तपासणी, वर देखरेख. मगच परत. माझ्या बॅचला एक जण होता, आमच्यात सगळ्यात हुशार हात त्याचा. पाठदुखीचं इंजेक्शन स्वतःच घ्यायला लागला. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोललं नाही, करिअर बरबाद होईल म्हणून. आज तो नाही. त्यामुळे लँगडनची चोरी उघड करणाऱ्या सॅंटोससारखी एखादी इंटर्न आमच्यात असती आणि तिने तोंड उघडलं असतं तर, असं मला तो पहिला सीझन बघताना सारखं वाटत होतं. नवीन भागात तो दारातून आत आला तेव्हा मी टीव्ही थांबवून गच्चीवर गेलो जरा वेळ.

तिखटमीठ
…वाचलं. याच्यावर वाद नाही घालत.

जुनापुराणा
डॉ. मोहनबद्दल एक ओळ. सुप्रिया गणेश करते ती भूमिका. पहिल्या सीझनमध्ये तिला हळू म्हणून चिडवतात, कारण ती प्रत्येक पेशंटजवळ बसते, ऐकते. मला विचाराल तर मी आजारी पडलो की मला तीच हवी.

शेवंता७
आणि तुमच्या मागे रांगेत असलेल्या चौदा जणांना रॉबी हवा :)

रानजाई
धागा सगळा बहिणीला वाचून दाखवला. ती भाकऱ्या करत होती, मी ओट्यावर बसून. आरेमोंचा ओव्हरचा परिच्छेद आला तेव्हा ती थांबली, म्हणाली, परत वाच. शेवंताताईंची लाथ आली तेव्हा काही बोलली नाही, नुसती मान हलवली.

मग मी तिला सांगितलं की तू दहा मिनिटांत उठलीस, भागाच्या शेवटी बाथरूममध्ये कोणीतरी टाकून दिलेलं बाळ सापडतं आणि ती नवीन डॉक्टर त्याच्याकडे बघून थिजते, का ते अजून सांगितलेलं नाही. तर ताईने गॅस बंद केला. म्हणाली, आम्हाला सापडलं होतं. मला हे माहीतच नव्हतं! आठ वर्षांपूर्वी, ओपीडीच्या मागच्या जिन्याखाली, मुलगी, टॉवेलमध्ये. पहाटेची वेळ. चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यायचं असतं, एमएलसी, पोलीस, सगळं ताईनेच केलं. पण त्या मधल्या तासांत ड्युटीवरच्या सिस्टरांनी आळीपाळीने तिला मांडीवर घेतलं, एका आयामावशीने घरून झबलं आणलं, आणि सोमवार होता म्हणून सगळे तिला सोमी म्हणायला लागले. समितीची माणसं न्यायला आली तेव्हा ताई दुसऱ्या पेशंटला टाके घालत होती. हातमोजे काढून बाहेर येईपर्यंत गाडी गेली होती. एवढंच. आठ वर्षं आम्हाला कोणाला बोलली नाही.

पिट्सबर्गी
रानजाई, काय लिहू. इथे २००२ पासून कायदा आहे, अठ्ठावीस दिवसांपर्यंतचं बाळ दवाखान्यात कोणाच्या हातात सुरक्षित दिलं तर आईवर त्याबद्दल गुन्हा नोंदवत नाहीत. बाथरूममध्ये ठेवणारीला ते बहुधा माहीत नसावं.

मुक्कामपोस्ट
सोमी आता दुसरी-तिसरीत असेल.

चहाटळ
ताईंना घट्ट मिठी. पुढचा भाग शुक्रवारी ना? दर आठवड्याला एकच आहे, एप्रिलच्या मध्यापर्यंत चालेल. त्या बघतील का?

रानजाई
विचारलं. म्हणाली, ते बाळ नीट आहे का ते आधी तू बघून मला सांग, मग मी बसते.